लाटसाहेबाच्या खोलीतला पाहुणा

मुक्ताबाईच्या वडिलांना, म्हणजे पारनेरकडच्या सहादेव आबांना, लेकीच्या घरचं पाणी चालत नव्हतं. यात लेकीचं काही चुकलं होतं असं नाही, आणि आबाही काही तिरसट माणूस नव्हते. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, ही रीत. ती कुणी घालून दिली ते आबांना ठाऊक नव्हतं. घालून देणारा सापडला असता, तर मुक्ताबाईनं त्याला चार शब्द नक्की सुनावले असते. तिच्या लग्नाला नऊ वर्षं होत आली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता.

तरी आबा यायचे. हुरड्याच्या दिवसांत यायचे, दिवाळीनंतर यायचे, येताना मटकी, शेंगा, असलं काही ना काही घेऊन यायचे. दारासमोरच्या निंबाखाली घोंगडी टाकून बसायचे, गावाहून बांधून आणलेली भाकरी सोडायचे, आपल्याच तांब्यातलं पाणी प्यायचे. लेक उंबऱ्याच्या आत बसायची आणि बाप उंबऱ्याच्या बाहेर. बोलणं मात्र भरपूर व्हायचं.

आई होती तेव्हा तीही तशीच बसायची. एकदा मुक्ताबाईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. वास पार निंबापर्यंत पोचला होता, आणि आई, छबूबाई, मान खाली घालून गावची कोरडी भाकरी चावत होती. पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. लेकीच्या हातचा एक घास तिच्या पोटात गेला नाही. हे मुक्ताबाईच्या काळजात असं रुतून बसलं होतं की सणावाराला ताटावर बसली तरी तिला ती भाकरी आठवायची. आबांचं तरी तसं होऊ नये, एवढंच तिचं देवाजवळ मागणं होतं. मूल मागून मागून ती थकली होती. आता हे मागत होती.

आता हे तिचं घर होतं कुठं, ते सांगायला हवं. नगरजवळ, भिंगारच्या पुढं, फराहबागेच्या अंगाला साहेबाच्या काळापासून एक हॉटेल होतं. पाटीवर इंग्रजीत लांबलचक नाव होतं, पण टांगेवाल्याला नुसतं ‘साहेबाचं हॉटेल’ म्हटलं तरी पुरायचं. दोन पुरुष उंच छत, भिंतीवर शिंगंवाल्या हरणांची मुंडकी, न्हाणीघरात माणूस आडवा मावेल असे पांढरे टब. पुढच्या व्हरांड्यात वेताच्या आरामखुर्चीवर बसलं की समोर झाडीत निजामशाहीतला फराहबागेचा महाल दिसायचा, आणि लांब, पाथर्डीच्या वाटेवर, डोंगराच्या माथ्यावर चांदबिबीचा महाल. खरं तर ती सलाबतखानाची कबर आहे, पण नगरात हे सांगायला जाल तर लोक तुमच्याकडेच वेड्यासारखे बघतील.

मुक्ताबाईचा नवरा गहिनीनाथ या हॉटेलचा मॅनेजर. त्याचा बाप इथं माळी होता. पोरगा मॅट्रिक झाला आणि खुर्चीवर बसला. शेठ पुण्याला राहायचे, त्यामुळं खुर्ची सोडून बाकी सगळा भारही गहिनीनाथच्याच डोक्यावर होता. हॉटेलच्या मागं, स्वयंपाकघराला लागून, दोन खोल्या त्याला राहायला होत्या. निंब तिथलाच.

बहात्तर सालचा तो हिवाळा. पावसानं तोंड दाखवून पळ काढला होता, गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यांवर गेली होती. लेणी आणि महाल बघत हिंडणारे पाहुणे असल्या साली कुठून येणार? हॉटेलच्या टबांत पाल मरून पडली तरी कळत नव्हतं. खानसामा घरी गेला होता, आणि उरलेला एकटा बेअरा, साठी उलटलेले नियाजचाचा, रिकाम्या टेबलांवरच्या धुळीला रोज सलाम केल्यासारखं फडकं मारत होते.

अशात आबांच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. शेतात काम नव्हतंच, तेव्हा पुतण्या आसारामनं त्यांना नगरला आणलं, दवाखान्यात दाखवलं आणि ऑपरेशन झालंसुद्धा. एका डोळ्याचं झालं, पण पट्टी दोन्ही डोळ्यांवर. डॉक्टरांनी बजावलं, मान हलवायची नाही, जोरानं चावायचं नाही, एसटीचे धक्के तर मुळीच नाहीत. पट्टी सुटेपर्यंत नगरातच निपचित पडून राहायचं. दवाखान्यात खाटेला खाट लागलेली. आसारामला खडीवरची हजेरी बुडवून चालणार नव्हतं.

“आबा, घरी चला,” मुक्ताबाई म्हणाली. म्हणताना तिलाच उत्तर माहीत होतं.

“धरमशाळंत पडतो,” आबा म्हणाले. “तितं न्हाई का मानसं पडत?”

“डोळं बांधलेलं मानूस एकटं धरमशाळंत? आन भरवायचं कोनी?”

आबा गप्प. पण ते गप्प म्हणजे होकार नव्हे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

तेव्हा गहिनीनाथ पुढं झाला. हा मनुष्य तसा साधा, पण हॉटेलात राहून राहून पाहुण्याला कसं वळवायचं ते शिकला होता. म्हणाला, “मामा, माझ्या घरी तुम्ही येऊच नका. हॉटेलात या. हॉटेल काय माझं आहे? शेठचं आहे. शेठला विचारलंय मी, मोठी खोली मोकळीच पडलीये. गिऱ्हाईक म्हणून राहा.”

आबांनी बराच विचार केला. बांधलेल्या डोळ्यांचा माणूस विचार करताना कसा दिसतो ते मुक्ताबाईनं पहिल्यांदा पाहिलं. कपाळावरच्या आठ्या पट्टीखाली शिरत होत्या.

“भाडं घ्यावं लागंल, जावईबापू.”

“घेऊ की.”

“आन खानं हाटेलाचं. मुक्तीच्या चुलीवरचा दानासुदिक यायचा न्हाई. शब्द द्या.”

“तुमच्या गळ्याची शपथ, मामा.”

मुक्ताबाईला नवऱ्याचा असा संताप आला की दवाखान्यातून बाहेर पडेतो ती त्याच्याशी बोलली नाही. “अवो, गळ्याची शपथ कशाला घेतली? आता बाप माज्या दाराम्होरं पडनार आन मी त्याला पानी द्यायचं न्हाई!”

गहिनीनाथनं टांगा बघत बघत हळूच सांगितलं, “शपथ मी घेतली. तू गप्प होतीस.”

ती चमकून त्याच्याकडं बघत राहिली. नवरा दिसतो तितका साधा नाही, हे तिला नऊ वर्षांनी कळलं.

मोठी खोली म्हणजे लाटसाहेबाची खोली. कुठला तरी लाटसाहेब शिकारीला आला तेव्हा इथं उतरला होता म्हणे. पलंग शिसवी, चार खांबांचा, त्यावर मच्छरदाणी, आणि गादी अशी की टेकल्याबरोबर आबा कमरेपर्यंत आत गेले.

“आरं, ह्यो पलंग हाय का चिखल?” ते ओरडले. “धरा मला, बैलासारखा रुतलो!”

आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या हॉटेलात उतरलेला माणूस, आणि त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. हे नियाजचाचांच्या मनाला फार लागलं. चाळीस वर्षं त्यांनी साहेबांना आणि शेठांना ही खोली दाखवली होती. आबांना त्यांनी ती ऐकवायचं ठरवलं.

“पाटील, ही खिडकी उघडली ना, का समोर फराहबाग. चारी बाजूनं तलाव होता त्येच्या, आता कोरडा हाय. बादशा तितं हवा खायाला जायचा. आन त्या तिकडं डोंगरावर चांदबिबीचा महाल, तीन मजली. हितनं बोटाएवढा दिसतो.”

“महाल मला ठावं हाय,” आबा म्हणाले. “पाथर्डीच्या बाजाराला जाताना लई बगितलाय. कवा पोचतो कवा न्हाई वाटायचं, बैल दमायचं, पर महाल तितल्या तितंच.”

“तर तोच महाल. पर साहेबलोक तो बगायला बिलायतेहून यायचे.”

“आन आमी बैल बगायला जायचो,” आबा म्हणाले, आणि दोघं म्हातारे हसले. तेवढ्यानं त्यांची गट्टी जमली.

जेवणाशी मात्र आबांचं जमेना. खानसामा नसल्यानं नियाजचाचांनी स्वतःच्या हातानं सूप केलं, पाव भाजला, पुडिंग केलं. पांढरा कोट, कमरेला लाल पट्टा, डोक्यावर तुऱ्याचा साफा, अशा थाटात ते घेऊन आले. बघणाऱ्याचे डोळे बांधलेले आहेत म्हणून कोट घालायचा नाही, असल्या विचाराचा तो माणूस नव्हता.

“हे काय पाजताय? भाजीचं धुन?” एक चमचा सूप पोटात गेल्यावर आबांनी विचारलं. पावाला ते कापूस म्हणाले. पुडिंगला काय म्हणाले ते नियाजचाचांनी मुक्ताबाईला सांगितलं नाही. चमचा दातावर आपटायचा, ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आबांच्या पोटात दूध सोडून काही गेलं नव्हतं, आणि ते भूक नाही म्हणून सांगत होते. सत्तरीचा माणूस, अंगावर ऑपरेशन झालेलं. त्यांचा आवाजसुद्धा बारीक झाला होता.

नियाजचाचा भरलेलं ताट घेऊन मागच्या दारी आले आणि निंबाखाली उभे राहिले.

“बेटी, तुजे अब्बा माज्या हातचं खातात, पर मला त्यांचं रांधता येत न्हाई,” ते म्हणाले. “मी साहेबांचा बेअरा. तू त्यांची बेटी. आता काय करायचं ते तू सांग.”

मुक्ताबाईनं चुलीत लाकडं सरकवली. बाजरीची भाकरी केली, पातळ, पापुद्रा सुटलेली. वरचा कडक भाग काढला, मऊ भाग दुधात कुस्करला, त्यात गुळाचा खडा विरघळवला. छबूबाई आजाऱ्याला असंच द्यायची. वाटी उचलली आणि मग तिच्या लक्षात आलं की भरवणार कोण? चमचा आबांना चालत नाही, आणि नियाजचाचांच्या हातांना वयाचा कंप. अर्धा घास दाढीत जायचा.

“मीच भरवते,” ती म्हणाली. “तुमी फकस्त बोला, चाचा.”

“म्हंजे आवाज माजा आन हात तुजा?”

“व्हय.”

नियाजचाचांनी साफा काढून डोकं खाजवलं, परत घातला. आबांना मुसलमान बेअऱ्याच्या हातचं चालत होतं आणि पोटच्या लेकीच्या हातचं चालत नव्हतं. यातली गंमत त्या घटकेला कुणाच्या ध्यानात आली असेल तर एकट्या नियाजचाचांच्या. पण ते हसले नाहीत.

अडचण बांगड्यांची होती. दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या काचेच्या बांगड्या. हात जरा हलला की किणकिणणार. बांगड्या उतरवाव्यात तर नवरा जिवंत असताना सवाष्णीनं हात मोकळे कसे करायचे? तिनं क्षणभर विचार केला. मग उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडं गच्च वर सारल्या आणि त्यांवर जुन्या लुगड्याच्या धडप्याची पट्टी करकचून बांधली. डाव्या हातावर पदर गच्च गुंडाळला. तिनं हात हलवून बघितला. आवाज आला नाही.

लाटसाहेबाच्या खोलीत ती अनवाणी शिरली. पलंगाच्या उशाशी वाकली. नियाजचाचा आपल्या शिरस्त्याप्रमाणं पायथ्याशी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “पाटील, तोंड उघडा. जरा नवीन पकवान बनवलंय.”

आबांनी तोंड उघडलं. मुक्ताबाईनं घास कालवला, अंगठ्यानं आत लोटला, आणि ओठाच्या कडेला लागलेलं करंगळीच्या मागच्या बाजूनं पुसलं. आबा थांबले. घास तोंडातच होता. तिच्या छातीत असं धडधडत होतं की बांगड्यांचं सोडा, तेच आबांना ऐकू जाईल असं तिला वाटलं.

मग आबांनी घास गिळला. “चाचा,” ते म्हणाले, “ह्ये जमलं बगा तुमाला.”

त्या दिवशी त्यांनी वाटी संपवली. बापाच्या पोटात आपल्या हातचं गेलं म्हणून मुक्ताबाई मागच्या दारी जाऊन पदर तोंडाला लावून रडली. नऊ वर्षांनी तिला इतकं सुख झालं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग रोज तसंच चाललं. सकाळी पेज, दुपारी दूधभाकरी, संध्याकाळी मऊ खिचडी. नियाजचाचा बोलायचे आणि मुक्ताबाई भरवायची. नियाजचाचांना या कामाची चटक लागली. कधी ते घासागणिक साहेबांच्या गोष्टी सांगायचे, कधी चांदबिबी किल्ल्याच्या तटावर कशी लढायला उभी राहिली ते सांगायचे, आणि ऐन लढाईत मुक्ताबाईनं डोळे वटारले की “हां, तोंड उघडा” म्हणायचे. आबा मुकाट तोंड उघडायचे. भरवून झालं की ती त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायची, पांघरूण गळ्यापर्यंत ओढायची. मग मागं जाऊन धडपा सोडायची. हातावर बांगड्यांचे लाल वळ उठलेले असायचे. तासाभरानं पुढच्या दारानं, बांगड्या वाजवत, लेक म्हणून भेटायला यायची. “जेवला का, आबा?” विचारायची.

“जेवलो. चाचाच्या हाताला लई चव हाय,” आबा म्हणायचे.

आणि मग डॉक्टर पट्टी बदलायला आले त्या दिवशी म्हणाले, “डोळा लाल आहे. थोडा पू दिसतोय. औषध घालू, पण नक्की सांगता येत नाही. बघू.”

‘बघू’ हा शब्द मुक्ताबाईच्या डोक्यात शिरला तो निघेना. गहिनीनाथनं समजावलं की डोळ्याला धूळ लागली असेल, ऑपरेशन म्हटलं की असं होतंच. पण तिला दुसरंच दिसत होतं. रीत मोडली ती तिनं. बापाला न सांगता, त्याच्या आंधळेपणाचा फायदा घेऊन मोडली. शपथ होती आबांच्या गळ्याची. गळ्याचं चुकून डोळ्यावर आलं. मूल होत नाही ते आपल्या करंटेपणानं, आणि आता बापाचा डोळा जायचा तोही आपल्याच हातानं, असं तिच्या मनानं घेतलं. मन एकदा असं काही घेऊन बसलं की त्याला कोण समजावणार?

“चाचा, आज तुमीच भरवा,” ती म्हणाली. “रांधतेबी न्हाई मी. तुमचं सूप द्या.”

नियाजचाचा गेले आणि थोड्या वेळानं भरलेलं ताट घेऊन परत आले. “खाल्लं न्हाई. भूक न्हाई म्हनले. भिंतीकडं तोंड करून पडलेत.”

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. आबांनी नियाजचाचांना कसला दोष दिला नाही, चिडले नाहीत. नुसतं “ऱ्हाऊ द्या” म्हणत राहिले. पोटात काही नाही म्हणून औषधाची गोळी उलटून पडली.

मुक्ताबाई चुलीसमोर बसून राहिली. भरवलं तर पाप, न भरवलं तर बाप उपाशी. डोळा देवाच्या हातात होता, भूक तिच्या हातात होती. शेवटी तिनं पीठ मळायला घेतलं. देवाला म्हणाली, जे काय भोग असतील ते मला दे, त्या म्हाताऱ्याला कशाला? मग बांगड्या वर सारल्या, धडपा बांधला.

पहिला घास ओठाला लागला आणि आबांनी तोंड उघडलं. सगळी वाटी संपली तरी उघडंच ठेवलं, लहान मूल ठेवतं तसं. तिनं आणखी आणून भरवलं. भरवताना तिच्या डोळ्यांतून थेंब पडला तो आबांच्या हातावर. ती दचकली. नियाजचाचांनीच घाईघाईनं छत गळतं म्हणून सांगितलं, आणि मग दुष्काळाची आठवण होऊन जीभ चावली.

डॉक्टर पुढच्या वेळी आले तेव्हा पू नव्हता. त्यानंतर आले तेव्हा लाली उतरली होती. आणि पट्टी कायमची सुटायची त्या सकाळी गहिनीनाथ आबांना टांग्यानं, घोडा पावलापावलानं चालवत, दवाखान्यात घेऊन गेला. मुक्ताबाई गेली नाही. तिची हिंमतच झाली नाही. निंबाखाली उभी राहून ती फाटकाकडं बघत राहिली.

टांगा आला. आबा उतरले ते कुणाचा हात न धरता. डोळ्यावर हिरवी झापड होती, आणि ते ती बोटानं जराशी वर करून निंबाकडं, फाटकाकडं, घोड्याच्या शेपटीकडं बघत होते. दिसत होतं! मुक्ताबाई डोळे पुसत चुलीकडं पळाली.

गहिनीनाथ आणि नियाजचाचांनी आबांना हॉटेल दाखवायला घेतलं. नियाजचाचांनी कोट, पट्टा, साफा सगळं चढवलं होतं. आबांनी हरणांची मुंडकी बघितली, टब बघितला, “ह्यात काय म्हशी पोहनीला घालता का?” म्हणून विचारलं. इतके दिवस ज्यावर झोपले तो लाटसाहेबाचा पलंग हात लावून बघितला. व्हरांड्यात आणून नियाजचाचांनी हात लांब केला, “तो बगा, पाटील, चांदबिबीचा महाल!”

“बगितला,” आबा म्हणाले. “झ्याक हाय. मुक्ती कुटं हाय?”

ते स्वतःच मागच्या अंगाला आले. निंबाखाली त्यांची नेहमीची जागा होती. मुक्ताबाईनं सवयीनं घोंगडीसुद्धा टाकली होती. आबा तिथं थांबले नाहीत. पायताण काढलं, बुटक्या दाराखाली मान वाकवली आणि उंबरा ओलांडून आत आले. चुलीसमोर मांडी घालून बसले.

“वाढ,” ते म्हणाले.

मुक्ताबाईनं ताट घेतलं नाही. “आबा,” ती कशीबशी म्हणाली, “म्या तुमाला फशिवलं. इतके दिस ते चाचांचं नव्हतं, माज्या चुलीवरचं हुतं. हात माजा हुता.”

“ठावं हाय.”

“कवापासनं?”

“पयल्या घासापासनं.” आबांनी दारात उभ्या असलेल्या नियाजचाचांकडं झापड वर करून बघितलं. “ह्ये चाचा बोलायचे पायथ्याला, आन घास यायचा उशाकडनं. चाचाचा हात काय पलंगाएवढा लांब हाय व्हय?”

नियाजचाचांनी कपाळावर हात मारला. “साहेबलोकांचा शिरस्ता, पाटील! मेमसाब जवळ बसली असली का बेअऱ्यानं पायथ्याला ऱ्हायचं. चाळीस सालाची सवय, कशी सुटनार?”

“आन तोंड पुसायचं करंगळीच्या मागनं,” आबा म्हणाले, “ते छबूचं हाय. तुला तसंच भरवायची ती. म्या काय बगितलं न्हाई?”

“मंग बोलला का न्हाई, आबा?”

“बोललो असतो तर बंद केलं असतंस. एक दिस केलंस की बंद! उपाशी मारलंस म्हाताऱ्याला.”

मुक्ताबाई रडत रडत हसली, आणि परत रडली. “पर आबा, रीत हाय. मला आजून लेकरू न्हाई झालं. तुमी उंबऱ्याच्या आत आला, आता पाप...”

“रीत काय म्हनती?” आबा म्हणाले. “लेकीच्या घरात लेकरू यावं, तिनं त्याला भरवावं, तोंड पुसावं, पांगरून घालावं, आन मंग बापानं जेवावं. असंच ना? मंग म्या इतके दिस काय केलं? आ करून पडलो. तू भरिवलं, तू पुसलं, तू रडली. माजी आई गेल्यापासनं मला असं कुनी भरिवलं नव्हतं. झालं की लेकरू तुला, मुक्ते. जरा मोठं झालं, दाढीमिशीचं झालं, पर झालं. आता कुनाच्या बापाची बंदी हाय?”

गहिनीनाथ दारातून पाठमोरा झाला आणि उगीच फाटकाकडं निघून गेला.

मुक्ताबाईनं भाकरी काढली, पिठलं वाढलं. हात पुढं केला तर आबांनी मनगट धरलं. सकाळपासून घाबरलेल्या जिवानं, नुसत्या सवयीनं, तिनं आजही तो धडपा बांधला होता.

“ह्ये आदी सोड,” आबा म्हणाले. “लेकीच्या घरी आलोय म्या. वाजू दे.”

तिनं दातानं गाठ सोडली. बांगड्या खळ्ळ करून मनगटावर उतरल्या.

आबांनी ताटाला हात लावला नाही. आधी पाणी मागितलं. तिनं त्या दुष्काळातल्या मडक्यातून तांब्या काठोकाठ भरून दिला. आबांनी झापड वर करून तांब्यात बघितलं, तोंडाला लावला आणि एक थेंब न सांडता रिकामा केला. मग मिशा पुसल्या आणि रिकामा तांब्या परत तिच्यापुढं धरला.

“ह्ये माजं झालं,” ते म्हणाले. “आता तुज्या आईच्या वाटचं दे.”